आतल्या झाकणाखालचा नंबर

नंबरातला मधला आकडा गेला. पुसला गेला म्हणावं तर सोन्यात ठोकलेला आकडा असा पुसला जात नाही. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीतरी होतं, आणि त्याने भिंग लावून नीट पाहिलं तर नव्हतं. त्याच्या जागी करडा डाग होता, बोटाला राख लागावी तसा. त्याने नजर जरा डावीकडे नेली, तर तो आकडा परत आला आणि शेजारचा गेला. उजवीकडे नेली, तर दुसऱ्या बाजूचा गेला. म्हणजे डाग घड्याळावर नव्हताच. जिकडे नजर जाईल तिकडे तो आधीच जाऊन बसत होता, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. त्याने भिंग काढलं, रुमालाने पुसलं, परत लावलं. भिंगाचा बिचाऱ्याचा काय दोष! उजव्या डोळ्याचं हे रडगाणं वर्षभर चाललं होतं, म्हणून तर तो कुणाला पत्ता लागू न देता डाव्या डोळ्यावर आला होता. महिनाभर डावाही कुरकुरत होता, पण भिंगाखाली आकडे दिसत होते; आता तेही गेले. टेबलाच्या पलीकडे एक म्हातारी बाई आपल्या घड्याळाची किंमत ऐकायला बसली होती.

"काय झालं?" म्हातारीने विचारलं. "खोटं निघालं की काय?"

"नाही हो मावशी. सोनं खरं आहे."

सोनं खरं होतं, हे सांगायला त्याला डोळे लागत नव्हते. तिने रुमालाची गाठ सोडून घड्याळ त्याच्या तळहातावर ठेवलं तेव्हाच ते कळलं होतं. सोन्याचं वजन वेगळंच असतं. ते हातात पडत नाही, बसतं. पितळेवर मुलामा असला की कडेला, बिजागरीपाशी, अंगठ्याला खरखर लागते. इथे बिजागरी लोण्यासारखी फिरत होती. डाव्या कडेला एक बारकी सरकती कळ होती, ती त्याने खाली ओढून सोडली, आणि घड्याळ आतून वाजलं. आधी जाड आवाजात तास, मग जोडीजोडीने पाव तास, मग बारीक आवाजात मिनिटं. ठोके देणारं घड्याळ! विजेचे दिवे नव्हते त्या काळात अंधारात वेळ कळावी म्हणून कुणा श्रीमंताने करून घेतलेलं. असं घड्याळ त्याच्या हातातून आजवर फार थोड्या वेळा गेलं होतं. तबकडीच्या मीनाकामाला तडा नव्हता, नखाने कळलं. काटे मूळचे होते. टोकांच्या वळणावरून कळलं. राहता राहिला नंबर. घड्याळ शंभर हातांतून जातं. कुणी तरी कवच ठेवतो आणि आतलं यंत्र बदलतो, कुणी यंत्र ठेवून कवच वितळवतो, आणि मग कुठलं तरी यंत्र कुठल्या तरी कवचात बसवून विकतात. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून नंबर तीन ठिकाणी बघायचा : मागच्या झाकणात, त्याच्या आत असलेल्या दुसऱ्या झाकणावर, आणि ते दुसरं झाकण नखाने उघडून खाली यंत्रावर. तिन्ही जुळले तर घड्याळ अस्सल. एक जरी हुकला तर उरतं ते सोन्याच्या भावाचं सोनं.

आणि हा नंबर वाचायला अख्ख्या लिलावघरात एकच माणूस होता. त्याला दारावरच्या पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत सगळे भिंगकाका म्हणत. 'भिंगकाकांनी पाहिलंय ना? मग झालं,' असं म्हणून मालक न वाचता कागद पुढे ढकलायचा. तीस-बत्तीस वर्षांत त्याच्या सहीवर दुसरं कुणी परत पाहिलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला केवढा अभिमान होता! आता त्याच गोष्टीची भीती वाटत होती, कारण चूक झालीच तर ती अडवायला मागे कुणीही उभं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या चित्रांच्या तज्ज्ञाला हाक मारून 'जरा हा नंबर वाच रे' म्हटलं असतं, तर काम दोन सेकंदांचं होतं. पण मग तो हसून म्हणाला असता, 'काका, तुम्ही मला सांगताय?' आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या मजल्यांवर झालं असतं. तेव्हा तो आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी कामात खोटं बोलला.

"मावशी, आमच्याकडे एक पद्धत आहे. नंबर मालकाने स्वतः वाचून सांगायचा. म्हणजे उद्या कुणाची तक्रार नको."

"मीच वाचायचा?"

"तुम्हीच. हे बघा, मागचं झाकण उघडून दिलंय."

तिने घड्याळ घेतलं. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. चेहऱ्यांचं असंच झालं होतं. समोर बघितलं की माणसाच्या खांद्यांवर एक करडा गोळा, भोवती केस आणि मागे भिंत. कुणाचा चेहरा बघायचा असेल तर बाजूला, कानाकडे बघावं लागे, तेव्हा चेहरा कडेने हळूच आत यायचा. पण गिऱ्हाइकाच्या कानाकडे बघत बसणं बरं दिसत नाही, म्हणून तो सभ्य माणसासारखा सरळ त्या करड्या गोळ्याकडे बघत राहिला. "चार, सात, एक, आठ, दोन," म्हातारी म्हणाली. त्याने लिहून घेतलं. "आता आतल्या झाकणावरचा." तिने तो वाचला. तोच. "आता ते झाकण उघडा, खालच्या यंत्रावर असेल." पुन्हा थोडी शांतता, मग, "चार, सात, एक, आठ, दोन." तोच! त्याला एवढं हायसं वाटलं की हसूच आलं. घड्याळ अस्सल होतं. त्याने कागदावर तसं लिहिलं, किमतीचा आकडा टाकला, सवयीच्या हाताने सही केली. म्हातारी उठताना म्हणाली, "चांगला भाव येऊ दे हो. मुलगा म्हणतो घड्याळ माझं, मुलगी म्हणते माझं. आता घड्याळाचे काही दोन तुकडे होत नाहीत, पैशांचे होतात. माझ्या देखत मिटलेलं बरं." जिन्यापर्यंत तिला पहारेकऱ्याने सोडलं. कठड्यावर तिच्या बांगड्या घासत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

घरी आला तरी ते हायसं वाटणं टिकेना. खुर्चीत बसून तो डोळ्यांच्या डॉक्टरांचे शब्द पुन्हापुन्हा चघळत राहिला. चांगला तरुण डॉक्टर होता, गोडगोड बोलत नव्हता. 'कडेचं दिसत राहील,' तो म्हणाला होता, 'मधलं जाईल. तुम्ही रस्त्यात धडपडणार नाही. पण वाचन, शिवण, बारीक काम…' आणि त्याने विचारलं होतं, 'तुम्ही काम काय करता?' तेव्हा हा म्हणाला होता, 'कारकून आहे.' का म्हणाला देव जाणे. मधलं जाईल, कडा राहतील. त्याला उस्ताद आठवले, ज्यांच्या अंधाऱ्या दुकानात तो पोरवयात काम शिकला. पहिल्या दिवशी त्यांनी त्याच्या डोळ्याला भिंग लावून एका उघड्या घड्याळात वाकायला लावलं होतं. आत केसाएवढी बारीक कमान लहानमोठी होत होती, झोपलेल्या मुलाची छाती हलते तशी. तो बघतच राहिला होता. उस्ताद म्हणाले होते, 'गिऱ्हाईक बोलायला लागलं की कान बंद कर आणि डोळे उघड. जग कानानेच फसतं.' त्या दिवसापासून त्याने कानांना कधी कामाला लावलंच नाही. भिंगाने डोळ्याभोवती गोल वळ उठायचा, आणि लग्न नवीन असताना बायको त्या वळावरून बोट फिरवून म्हणायची, 'इकडे बघताना तरी तो डोळा माणसाचा असू दे.' आता ती समोर उभी होती, चहाचा कप घेऊन, आणि तो तिच्या कानाकडे बघत होता.

"अहो, माझ्या कानात काय आहे?" ती म्हणाली. "महिनाभर बघतेय, बोलता माझ्याशी आणि बघता कानाकडे. कुडी हरवलीय का माझी?"

"नाही. छान आहे कुडी."

"छान असायला तिला वीस वर्षं झाली." तिने कप त्याच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. गेले काही दिवस ती कप हातातच देत होती, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. ती काही विचारत नव्हती. पण 'उद्या येतो' म्हणून तो डॉक्टरांकडे परत गेला नव्हता हे तिला ठाऊक असावं, असं त्याला एकदम वाटलं, आणि त्याने चहाच्या कपात नजर घातली. तिथेही डाग होताच. ती स्वयंपाकघरात गेली, डब्यातून काहीतरी काढलं, आणि डब्याचं झाकण दाबून बसवलं. टक्.

त्या आवाजाने तो ताठ झाला. टक्. मागचं झाकण त्याने स्वतः उघडलं होतं, ते टक् वाजलं होतं. आतलं झाकण उघडलं की तेही वाजतं. मऊ, पण वाजतं, सोन्याच्या झाकणाला तेवढा ताण असतोच. म्हातारीने यंत्रावरचा नंबर वाचला तेव्हा काही वाजलं होतं का? त्याने सगळा प्रसंग पुन्हा कानांपुढून नेला. तिचा श्वास, बांगड्या, शेजारच्या टेबलावर कुणीतरी कागद फाडलेला, तिचा आवाज : चार, सात, एक, आठ, दोन. मध्ये झाकण नव्हतं. उघडल्याचं नाही, मिटल्याचं नाही. तिने बंद झाकणावरून, जे दिसूच शकत नाही ते, घडाघडा वाचलं होतं! म्हणजे बाई बनेल. तीन नंबर जुळले की भाव येतो हे तिला पक्कं माहीत असणार. आत दुसरंच यंत्र असणार. आणि आपण, आंधळा मागतो एक डोळा तसे, तिच्याकडेच डोळा मागायला गेलो. वर सहीही ठोकली. लिलावाच्या आधी घड्याळ बघायला चार पारखी येतील, पहिलाच झाकण उघडेल आणि म्हणेल, 'हे भिंगकाकांनी पास केलं?' त्याला म्हातारीचा भयंकर राग आला. राग आला की बरं वाटतं. भीतीला बसायला जागा राहत नाही. रात्रभर तो तो राग जपत पडून राहिला.

सकाळी लिलावघरात त्याने कपाटातून घड्याळ काढलं आणि आतलं झाकण नखाने उघडलं. टक्. खाली यंत्र चालत होतं, त्याचा आवाज सुरेख होता, आणि नंबर झाकणावरच्यापेक्षाही बारीक होता. चार… मग राख… मग दोन असावा, किंवा सात. त्याने खिडकीशी नेलं, दिव्याखाली नेलं, मान वाकडी करून कडेने पाहिलं. कडेने चेहरा येतो, एवढासा आकडा येत नाही. लिलावाच्या पुस्तकाची पानं दुपारी छापायला जायची होती. मालकाला 'बाईंना एक गोष्ट विचारायचीय' एवढंच सांगून त्याने घड्याळ आतल्या खिशात घातलं आणि म्हातारीच्या पत्त्यावर निघाला. तिच्याच तोंडून वाचून घ्यायचं, झाकण तिच्यासमोर उघडून. बघू आता कसं वाचतेस!

दुसऱ्या मजल्यावरची खोली होती. दार तिनेच उघडलं. भर दिवसा आत पडदे ओढलेले, दिवा नाही. त्याच्या नजरेच्या कडेला भिंत आली, आणि भिंतीवर दारापासून मोरीपर्यंत हाताच्या उंचीवर एक काळपट पट्टा गेलेला दिसला. केवढा मळ, त्याच्या मनात आलं. "कोण?" म्हातारीने विचारलं. त्याने लिलावघराचं नाव सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "या, या. भाव ठरला का?" ती त्या पट्ट्यावरून हात फिरवत पुढे गेली आणि खुर्चीच्या पाठीला हात लागल्यावर थांबली. त्याने हे बघितलं, पण राग जोरात होता. तो बसलाही नाही.

"मावशी, काल तिसरा नंबर तुम्ही कुठून वाचलात? झाकण तर बंद होतं. आता मी उघडलंय. घ्या. वाचा."

तिने हात पुढे केला, पण घड्याळ होतं त्याच्या वीतभर बाजूला. तिचा हात हवेत थांबला. मग ती हसली, अगदी लाजून, चोरी पकडलेल्या मुलीसारखी. "अहो साहेब, मला कुठलं दिसतंय वाचायला! चार वर्षं झाली, उजेड आहे की नाही एवढंसुद्धा कळत नाही."

"पण तुम्ही वाचलात."

"पाठ आहे. आमचे हे रोज सकाळी किल्ली देताना नंबर म्हणायचे, मोठ्याने. म्हणायचे, चोरीला गेलं तर पोलिसांत सांगता आला पाहिजे. माझ्याकडूनही म्हणून घ्यायचे, पाढे म्हणून घेतात तसे. आत कधी त्यांनी उघडलं नाही, धूळ जाईल म्हणून. तुम्ही म्हणालात वाचा, मी म्हटला. तीनदा विचारलंत, तीनदा म्हटला. मला वाटलं, तुम्ही सगळं बघूनच विचारताय. माझ्या डोळ्यांत सगळं पांढरं झालंय ना? दारावरचा माणूस लगेच म्हणाला, आजी, हात धरतो. टॅक्सीवाला म्हणाला. लहान पोरंसुद्धा विचारतात, आजी, डोळ्यात दूध गेलं का. तुम्ही तर एवढे समोर बसला होता, भिंग घेऊन." तिचा आवाज उतरला. "तुम्हाला कसं नाही दिसलं?"

या प्रश्नापासून तो वर्षभर पळत होता. बायकोपासून, मालकापासून, जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकापासून. आणि तो विचारला कुणी? तर जिला दिसत नाही तिने. त्याने तिच्या कानाकडे पाहिलं. मग हळूहळू, कडेने, तिचा चेहरा आला. दोन्ही डोळे खरंच पांढरे होते, उकडलेल्या अंड्यासारखे, आणि ते त्याच्याकडे नव्हे, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे लागले होते. कालही ते असेच असणार. अख्खा वेळ. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की त्याने चाचपडत खुर्ची शोधली आणि बसला.

"मावशी, मलाही दिसत नाही," तो म्हणाला.

बोलून गेल्यावर खोलीत काही झालं नाही. मोरीत नळ ठिबकत होता, तो ठिबकत राहिला. म्हातारी म्हणाली, "अगबाई," आणि मग, "घरी ठाऊक आहे?"

"नाही."

"बायकोला ठाऊक असतं," ती म्हणाली. "यांना वाटावं मला दिसतंय, म्हणून मी दिवे लावत फिरायची. नंतर कळलं, यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. भाजी निवडून झाली की हे गुपचूप परत निवडायचे." तिने हात पुढे केला आणि या वेळी त्याने घड्याळ नीट त्यात ठेवलं. तिचा अंगठा न शोधता कळीवर गेला. "रोज हेच वाजवायची. वेळ कळायला माझ्याकडे दुसरं काय आहे? आता हे गेलं की शेजारणीला विचारायचं." तिने कळ ओढली. जाड ठोके झाले, जोडीचे झाले, बारीक झाले. दोघंही मनात मोजत होती, हे त्याला तिच्या ओठांच्या आवाजावरून कळलं. "छापायला देणार होता ना दुपारी?" ती म्हणाली. "मग निघा. उशीर नको. आणि आतला नंबर दुसरा निघाला, तर दुसरा लिहा. यांच्या घड्याळाचा भाव मला खोटा नको."

परत येताना तो रस्त्याच्या कडेकडेने चालला. कडा दिसत होत्या. डॉक्टर बरोबर होते. मालक आपल्या खोलीत होता. तो लहान असताना याने त्याला मांडीवर घेऊन भिंगातून मुंगी दाखवली होती, आणि अजूनही तो काकांच्या आधी खुर्चीत बसत नसे. याने घड्याळांचा मखमली ट्रे टेबलावर ठेवला, त्यात म्हातारीचं घड्याळ ठेवलं, दोन्ही झाकणं उघडली. टक्. टक्.

"तिन्ही नंबर वाचा," तो म्हणाला. "मोठ्याने."

"मी वाचू? तुम्ही असताना?" मालक हसला. "हातच्या काकणाला आरसा कशाला, काका?"

"वाचा."

मालकाने भिंग घेतलं. "चार, सात, एक, आठ, दोन. हा दुसरा… चार, सात, एक, आठ, दोन." मग तो खाली वाकला, दिवा जवळ ओढला. "चार… सात… एक… आठ… दोन. अहो, तेच आहे की! तुमच्या कागदावरही तेच आहे. अस्सल आहे घड्याळ. मग झालं काय?"

झालं काय? काहीच झालं नव्हतं. म्हातारीचा नवरा तिला जन्मभर खरा नंबर शिकवून गेला होता. सही बरोबर होती, किंमत बरोबर होती, पुस्तक छापायला जाणार होतं. 'काही नाही, एकदा खात्री केली,' एवढं म्हटलं की संपलं; उद्या सकाळी टेबलाशी बसायचं, पुढचं गिऱ्हाईक यायचं, 'आमच्याकडे एक पद्धत आहे' म्हणायचं. किती सोपं होतं! शब्द अगदी जिभेवर आले होते. मग त्याला तो हवेत थांबलेला हात आठवला, घड्याळापासून वीतभर बाजूला.

"नंबर बरोबर आहे," तो म्हणाला. "पण मी वाचला नव्हता. त्या बाईंनी सांगितला, मी लिहिला. त्यांना दिसत नाही. मलाही दिसत नाही."

मालकाचा चेहरा कसा झालाय हे याला बघायचं होतं, म्हणून त्याने त्याच्या कानाकडे नजर लावली. चेहरा कडेने आला. मालक टेबलावरून पुढे वाकून त्याच्या डोळ्यांत बघत होता, उघडलेल्या घड्याळात बघतात तसा; आधी एका, मग दुसऱ्या.

"केव्हापासून, काका?"

"वर्ष झालं. उजवा. डावा महिनाभर."

"म्हणजे वर्षभराचे सगळे कागद…" मालक म्हणाला. "बसा ना तुम्ही. पाणी मागवू?"

"नको."

मग मखमलीवर काहीतरी हललं. मालक माणूस चांगला होता. घड्याळांचा ट्रे त्याने ओढला नाही. आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि आपल्या बाजूला ठेवला. पण आत सगळी घड्याळं चालू होती, आणि त्यांची टिकटिक याच्यापासून लांब गेलेली त्याला स्वच्छ ऐकू आली.